ग्रामपंचायतीचे हिशेब कोण तपासतो? कनिष्ठ लेखापरीक्षकाच्या कामाची ओळख

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील स्थानिक स्वराज्य संस्थांकरिता ४ लाख ३६ हजार ३६१ कोटी रुपयांच्या अनुदानांची शिफारस केली. ग्रामीण आणि शहरी संस्थांना मिळणाऱ्या मूळ अनुदानासाठी आयोगाने एक अटही घातली. आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील अशा रीतीने ऑनलाइन उपलब्ध असलेल्या संस्थाच २०२३-२४ पासून या निधीस पात्र ठरल्या. म्हणजे एखाद्या गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी येणारा पैसा त्या गावाचे दप्तर वेळेवर तपासले गेले की नाही, यावर अवलंबून राहिला. हे दप्तर प्रत्यक्ष उघडणारा माणूस शासकीय उतरंडीत बराच खालच्या पायरीवर असतो. तो म्हणजे कनिष्ठ लेखापरीक्षक.

राज्यघटनेतील ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांच्या हिशेबांचे आणि लेखापरीक्षणाचे नियम करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळांकडे सोपवला. त्यामुळे ही व्यवस्था राज्याराज्यांत वेगळी आहे. महाराष्ट्रात १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यानुसार वित्त विभागाच्या अखत्यारीतील स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय हे काम करते. केरळमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार राज्याचा लेखापरीक्षा विभाग, तर तमिळनाडूत स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग ही जबाबदारी पार पाडतो. पश्चिम बंगालमध्ये हे काम पूर्वीपासून भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच ‘कॅग’च्या अधिपत्याखालील स्थानिक लेखा परीक्षकाकडे राहिले आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर बहुतेक राज्यांनी ‘कॅग’चे तांत्रिक मार्गदर्शन स्वीकारले. पदनामे बदलतात, कामाची रीत मात्र सर्वत्र सारखीच आहे.

या पदावर येणारा उमेदवार सामान्यतः स्पर्धा परीक्षेतून निवडलेला पदवीधर असतो. पहिल्या दौऱ्यावर तो बहुधा एखाद्या वरिष्ठाच्या हाताखाली जातो. तपासणीचा कार्यक्रम संस्थेला आधी कळवलेला असतो आणि सोबत लागणाऱ्या अभिलेखांची यादीही दिलेली असते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचे हिशेब १ ते ३३ अशा क्रमांकित नमुन्यांत ठेवले जातात. नमुना ५ ही रोकड वही, नमुना ८ कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ मागणीची, तर नमुना १० ही ग्रामस्थाच्या हाती पडणारी कराची पावती. नवख्या परीक्षकाला सुरुवातीला शिकवले जाते ते हेच, की यांतली कोणतीही नोंदवही एकटी वाचायची नसते.

उदाहरण घेऊ. एका घरमालकाने ४ जुलै रोजी १,२०० रुपये घरपट्टी भरली. पावतीच्या स्थळप्रतीवर तीच तारीख आणि तीच रक्कम आहे. रोकड वहीतही नोंद आहे. वरवर पाहता सारे ठीक दिसते. पण बँकेच्या पासबुकात ती रक्कम २९ जुलैला जमा झाली असेल, तर मधले पंचवीस दिवस पैसा कुणाकडे होता, हा प्रश्न उभा राहतो. लेखापरीक्षणाच्या भाषेत याला तात्पुरता अपहार म्हणतात. स्थळप्रत आहे आणि रोकड वहीत नोंदच नाही, तर प्रकरण त्याहून गंभीर होते. आणि छापून आलेल्या पावती पुस्तकांपैकी एखादे ना वापरलेल्यांत सापडते ना कोऱ्यांत, तेव्हा वसुली नेमकी किती झाली हे सांगणेच अशक्य होते. म्हणून अनुभवी लेखापरीक्षक रकमांआधी पुस्तकांचे अनुक्रमांक मोजतो.

खर्चाच्या बाजूला मंजुरीचा ठराव, दरपत्रके, मोजमाप पुस्तिका, साठा नोंदवही आणि प्रमाणक अशी साखळी असते. पन्नास पथदिव्यांचे देयक अदा झाले आणि साठा नोंदवहीत चाळीसच दिवे असले, तर दहा दिव्यांची किंमत वसूलपात्र ठरू शकते. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानात आणखी एक गाठ होती. ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, ४० टक्के अबंधित. अबंधित निधीतूनही वेतन किंवा आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. बंधित पैशातून रस्ता केला, तर रस्ता उत्तम झाला असला तरी आक्षेप निघतोच. गावकऱ्यांना हे अन्यायाचे वाटते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. मात्र निधी कोणत्या कारणासाठी आला, हे पाहणे परीक्षकाचे काम आहे. कारण बदलायचा अधिकार त्याला नाही.

शंका निघाली की लगेच ती अहवालात जात नाही. आधी अर्धसमास ज्ञापन दिले जाते. कागदाच्या अर्ध्या भागात आक्षेप आणि उरलेल्या अर्ध्या भागात संस्थेचे उत्तर, म्हणून हे नाव. कनिष्ठ लेखापरीक्षकाची खरी कसोटी येथे लागते. ‘खर्चात अनियमितता आढळली’ असे मोघम वाक्य कोणत्याही उत्तराने निकाली निघते. प्रमाणक क्रमांक, दिनांक, रक्कम, कोणत्या नियमाचा भंग झाला आणि त्याची जबाबदारी कोणत्या पदावर येते, इतके लिहिलेले ज्ञापन मात्र सहज झटकता येत नाही. पुढे वरिष्ठ अधिकारी ते वाचतात, काही मुद्दे गळतात, काही परिच्छेद म्हणून अहवालात जातात. वसुलीचा अंतिम निर्णय कनिष्ठाच्या हाती नसतो. पण जे त्याने टिपलेच नाही, ते वर कुणालाही दिसत नाही.

या कामातील ताण आकडेमोडीचा कमी आणि माणसांचा अधिक असतो. परीक्षक ज्या कार्यालयात बसतो ते तपासल्या जाणाऱ्या संस्थेचेच असते. टेबल, खुर्ची आणि कपाटाची किल्लीही तिच्याच हाती. अशा ठिकाणी चहा नाकारणे फारसे अवघड नसते. ‘दप्तर उद्या देतो’ हे रोज ऐकून घेणे अवघड. काही वेळा त्यामागे लपवाछपवी असते, तर काही वेळा निव्वळ अव्यवस्था. बदलून गेलेल्या ग्रामसेवकाने पदभार देताना अभिलेखांची यादीच केलेली नसते आणि नवा माणूस आधीच्याच्या चुकांवर सही करायला तयार नसतो. अशा वेळी अभिलेख उपलब्ध करून दिला नाही, ही नोंददेखील आक्षेपच ठरते. अपहार आणि अडाणीपणा यांतला फरक ओळखणे कोणत्याही पुस्तकात शिकवता येत नाही. एका ग्रामसेवकाकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात, हेही तपासणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

एप्रिल २०२० मध्ये केंद्राने पंचायतींसाठी ‘ऑडिट ऑनलाइन’ ही प्रणाली सुरू केली. तपासणीचे नियोजन, आक्षेप, उत्तरे आणि अहवाल त्यावर नोंदवले जातात. ‘ई-ग्रामस्वराज’वरील देयके सरपंच व सचिवाच्या डिजिटल स्वाक्षरीने होऊ लागल्याने बँकेच्या बाजूचा मागोवा सोपा झाला. पण ज्या नळजोडणीचे पैसे गेले तिला पाणी येते का, हे संगणक सांगत नाही, आणि रोखीने घेतलेली घरपट्टी आजही पावती पुस्तकातच शोधावी लागते. स्थानिक संस्थांच्या परीक्षकांना अधिक चांगले प्रशिक्षण मिळावे, यासाठी ‘कॅग’ने जुलै २०२४ मध्ये राजकोट येथे स्थानिक शासनाच्या लेखापरीक्षणाचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केले आहे.

अहवाल दिल्यानंतर संस्थेने अनुपालन सादर करायचे असते. पुरावे जोडून उत्तर आले की परिच्छेद वगळला जातो. नाही आले तर तो प्रलंबित राहतो. जिल्हा परिषदांवरील असे परिच्छेद महाराष्ट्रात विधिमंडळाच्या पंचायती राज समितीपुढे जातात. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते बहुधा फायलीतच साचत जातात. पुढच्या तपासणीला येणारा परीक्षक नवी रोकड वही उघडण्यापूर्वी मागील अहवाल मागवतो आणि कोणते आक्षेप अजून उत्तरावाचून आहेत, त्यांची यादी करून कामाला लागतो.