जुनी मोत्यांची माळ घेताना

आमच्या भाचीच्या निकाहसाठी तिवशात बसून फोनवर मोत्यांची एक जुनी माळ पाहिली. खाली लिहिले होते, 'अस्सल बसरा मोती'. अम्मीचा जीव तिच्यात गुंतला. पैसे पाठवण्याआधी आम्ही मात्र जरा थांबलो.

बसरा म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती. कल्चर्ड मोत्यावरही थर शिंपलाच चढवतो, फक्त त्याची सुरुवात माणूस करून देतो. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये असे अर्धगोल मोती मिळवण्यात यश आले. म्हणून कल्चर्ड मोती खोटा नव्हे. त्याला बसरा म्हणून विकणे खोटे.

आम्ही दिवसाच्या उजेडात काढलेले, छिद्राजवळचे फोटो मागितले. जुन्या कल्चर्ड मोत्याचा थर पातळ असेल तर तिथे झिजून आतला मणी दिसतो. नकली मोत्याचा लेप तिथेच सोलतो. दोरा सैल वा कळकट आहे का, दोन मोत्यांमध्ये गाठी आहेत का, हेही पाहावे. माळ हाती आल्यावर मोती दातावर हलकेच घासावा. खरा किंचित खरखरीत लागतो, नकली बहुधा गुळगुळीत. नैसर्गिक की कल्चर्ड, हे मात्र प्रयोगशाळेतल्या एक्स-रे तपासणीनेच नक्की कळते.

हनफी फिक्हमध्ये न पाहता घेतलेल्या वस्तूसाठी 'खियार-ए-रुयत' आहे, म्हणजे पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क. माल परत घेण्याची तीच अट आम्ही लेखी मागितली. त्यानंतर ना फोटो आले, ना उत्तर.

अम्मी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नातीला कल्चर्डच घेऊ. पण कल्चर्ड म्हणूनच घेऊ."