खो-खोच्या खांबापासून रिओच्या ट्रॅकपर्यंत



आमची शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातली. मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तर चपलाच रुतून बसतात! पण जमीन जरा वाळली, की मुलं फक्की टाकून खो-खोचं मैदान आखतात, दोन खांब रोवतात आणि खेळ सुरू!

आमच्या सातवीत एक मुलगी आहे. खो-खोच्या संघात ती आहेच, शिवाय सहाशे मीटरच्या शर्यतीतही तिचा हात कुणी धरू शकत नाही. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या, तेव्हा मैत्रिणी तिला म्हणायला लागल्या, "अगं, एक काय ते धर. दोन्हीकडे धावशील आणि दोन्हीकडे हरशील!"

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिची आई मैदानावर आली. म्हणाली, "बाई, आता पुरं झालं बघा. रोज उशिरा यायलीय घरी. खेळून काय पोट भरतंय का? पुढच्या वर्षी तर तिला दुसऱ्या गावच्या शाळेत जायचंय."

पोरगी मान खाली घालून उभी होती. मी आईंना कट्ट्यावर बसवलं, मुलांनाही जवळ बोलावलं आणि म्हटलं, "दहा मिनिटं बसा. एक खरी गोष्ट सांगते." तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

सातारा जिल्ह्यात माण नावाचा तालुका आहे. आपल्यासारखाच, किंबहुना जास्तच दुष्काळी. तिथल्या मोही गावात १९८९ साली एका शेतकऱ्याच्या घरात एक मुलगी जन्मली. तिचं नाव ललिता बाबर. शाळेत असताना ती काय खेळायची, सांगा बरं? खो-खो! अगदी तुमच्यासारखीच.

पुढे ललिताताई लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या. किती लांब? थेट मॅरेथॉन! म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्यांनी लागोपाठ तीन वेळा पहिला क्रमांक मिळवला.

एवढ्यावर थांबल्या का? छे! २०१४ मध्ये त्यांनी आणखी एक शर्यत धरली. तिचं नाव स्टीपलचेस. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे पळतात ना, तीच ही शर्यत. मोठी गंमतशीर आणि तितकीच अवघड! अंतर ३००० मीटर. वाटेत २८ वेळा लाकडी अडथळे ओलांडायचे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची. महिलांसाठी अडथळ्याची उंची साधारण ७६ सेंटिमीटर, म्हणजे वर्गातल्या टेबलाएवढी. हर्डल्सच्या शर्यतीत धक्का लागला तर अडथळा पडतो. इथला मात्र जागचा हलत नाही, धडकलात तर तुम्हीच पडता! पाण्याचा खड्डा अडथळ्याजवळ खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. म्हणून जितकी लांब उडी, तितकं पाणी कमी.

आता खो-खो आठवा. पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही. खांबाजवळ तोल सांभाळायचा, खो मिळताच बसल्या जागेवरून उसळायचं आणि दम लागला तरी डोकं शांत ठेवायचं. ललिताताईंना खो-खोचा नेमका किती उपयोग झाला, ते त्याच सांगू शकतील. पण इतकी वर्षं मैदानावर मुलं पाहून मला एवढं कळलंय, की एका खेळात कमावलेले पाय दुसऱ्या खेळात वाया जात नाहीत.

आता तारखा नीट ऐका हं! २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत ललिताताईंनी स्टीपलचेसचं कांस्यपदक मिळवलं. वेळ ९ मिनिटं ३५.३७ सेकंद. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत त्या पुन्हा मॅरेथॉन पळाल्या, २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत. आणि त्याच वर्षी जूनमध्ये चीनमधल्या वुहान इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्णपदक! म्हणजे नऊ महिन्यांच्या आत दोन अगदी वेगळ्या शर्यती. पुढे ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्या अंतिम फेरीत पोचल्या आणि आठव्या आल्या.

मग आलं २०१६ चं रिओ ऑलिंपिक. प्राथमिक शर्यतीत ललिताताईंनी ९ मिनिटं १९.७६ सेकंद अशी वेळ दिली. नवा राष्ट्रीय विक्रम! इंचॉनपेक्षा किती सेकंद कमी, करा बरं वजाबाकी. साडेपंधरा सेकंदांहून जास्त! त्यांच्या वेगानं तेवढ्या वेळात सुमारे ८४ मीटर अंतर कापून होतं. दोन वर्षांत एवढी मजल!

अंतिम शर्यत होती १५ ऑगस्टला, आपल्या स्वातंत्र्यदिनी. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्सच्या अंतिम शर्यतीत धावल्या होत्या आणि सेकंदाच्या शंभराव्या भागानं त्यांचं पदक हुकलं होतं. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची प्राथमिक फेरी पार करून एखादी भारतीय मुलगी अंतिम शर्यतीत दिसायला ३२ वर्षं लागली. ललिताताई दहाव्या आल्या.

इथे आमचा पाचवीतला एक चुणचुणीत मुलगा मध्येच म्हणाला, "बाई, दहावा नंबर म्हणजे हरल्याच की!"

मी म्हटलं, "पदक नाही मिळालं, हे खरंच. पण साऱ्या जगात दहावी! आणि त्यांचा विक्रम २०२३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. त्या वर्षी बुडापेस्टमध्ये पारुल चौधरी ९ मिनिटं १५.३१ सेकंदांत पळाल्या, तेव्हा तो मोडला. एकीनं वाट पाडली, दुसरी त्या वाटेनं पुढे गेली."

"मग त्या ललिताबाई आता काय करतात?" इतका वेळ गप्प बसलेल्या आईंनी विचारलं.

"२०१६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर त्या राज्य सरकारच्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या. रायगड जिल्ह्यात माणगावला तहसीलदाराचं काम त्यांनी पाहिलं."

"तहसीलदार?" आईंचे डोळे मोठे झाले. "म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यावर सही करणारी बाई? ती खो-खो खेळायची?"

"हो, खो-खोच!" सगळी मुलं एका सुरात ओरडली.

पण मुलांनो, आणि पालकहो, एक गोष्ट मी त्या दिवशीही सांगितली आणि इथेही सांगते. खेळणारा प्रत्येक जण तहसीलदार होत नाही. ऑलिंपिकला तर लाखात एखादाच जातो. म्हणून नोकरीचं आमिष दाखवून कुणाला मैदानावर आणू नये. बाराव्या-तेराव्या वर्षी "एकच धर" असंही म्हणू नये. ललिताताईंनी तरी कुठे एकच धरलं होतं? कुठला खेळ आपला, हे पाय हळूहळू सांगतात. त्यांना तेवढा वेळ मात्र द्यायला हवा.

आई उठल्या. पदर सारखा करत लेकीला म्हणाल्या, "खेळ दोन्ही. पण दिवे लागायच्या आत घरी. आणि गणितं सोडवल्याबिगर झोपायचं नाही."

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, पुढच्या शाळेत मैदान आहे का हो?"

खरं सांगू? त्या शाळेत मैदान आहे, पण त्यावर खो-खोचे खांब नाहीत. येत्या सुट्टीत आम्ही काही जण मिळून ते रोवणार आहोत.

तुमच्या शाळेच्या मैदानावर आहेत ना खांब? नसतील तर आजच आपल्या गुरुजींना विचारा बरं!