प्रतिजैविकांची इंजेक्शने : घरी घ्यावयाची दक्षता

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. त्या काळी दुर्मिळ असलेले पेनिसिलीन देवदास गांधींच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने आणले गेले. परंतु दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळताच गांधीजींनी आग्रह सोडावयास सांगितले. २२ फेब्रुवारीस बांचे निधन झाले. पुढे दहाच वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

आज अडचण उलट आहे. औषध सहज मिळते, म्हणून त्याचा धाक उरलेला नाही. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी नित्य दिसणारे चित्र असे : रुग्णाचे उपचार यवतमाळ वा सेवाग्रामला सुरू होतात, सुट्टी मिळते आणि उरलेली इंजेक्शने पिशवीत घालून मंडळी घरी परततात. पुढील डोस देण्याची जबाबदारी कुटुंबावर येते. ती निभावताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिला डोस घरी नको. पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. पूर्वी कोणत्याही औषधाने पुरळ, सूज वा धाप आली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. त्वचेवरील चाचणी निर्दोष निघाली तरी पूर्ण हमी मिळत नाही. म्हणून प्रत्येक डोसनंतर अर्धा तास रुग्णाजवळ कोणीतरी बसावे. ओठ-जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास अडणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास उभे करू नये, चालवू नये. अशा वेळी अ‍ॅड्रिनॅलीन हेच प्राणरक्षक औषध असते. ते जेथे तत्काळ मिळेल तेथेच इंजेक्शन घेणे शहाणपणाचे.

कुपी पारखून घ्यावी. औषधाचे नाव, मात्रा व मुदत चिठ्ठीशी ताडून पाहावी. भुकटी कशात विरघळवायची हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच करावे. लिग्नोकेनमध्ये कालवलेले औषध फक्त स्नायूत द्यावयाचे असते. ते शिरेत कदापि देऊ नये. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन कॅल्शियमयुक्त सलाईनमध्ये, उदाहरणार्थ रिंगर लॅक्टेटमध्ये, मिसळू नये. विदर्भातील वैशाखाच्या उन्हात कुपी मोटारीत किंवा दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवू नये.

उपवासाची माहिती द्यावी. चौविहार करणारी ज्येष्ठ मंडळी पुष्कळदा म्हणतात, ‘रात्री गोळी चालणार नाही, सुईच द्या.’ गोळीने भागत असेल तर सुईची जोखीम घेण्याचे कारण नाही. गोळीच्या वेळा बदलता येतील काय, हे डॉक्टरांना विचारावे. अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी औषधे मूत्रपिंडाला व श्रवणशक्तीला इजा करू शकतात. शरीरात पाणी कमी असल्यास मूत्रपिंडाचा धोका वाढतो. उपवास चालू असल्यास ते लपवू नये. लघवी कमी होणे, कानात गुणगुण येणे, तीव्र जुलाब होणे किंवा सुईच्या जागी लाली व सूज येणे, हे त्याच दिवशी कळवावे.

वही घालावी. तारीख, वेळ, औषध, बॅच क्रमांक आणि देणाऱ्याचे नाव अशी नोंद व्यापारी घरास अवघड नाही. डोस चुकला अथवा दोनदा दिला गेला, हे तिच्यावरून लगेच उमगते. ताप उतरला म्हणून आपल्या मनाने उपचार थांबवू नयेत. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात.

वापरलेली सुई उघड्या कचऱ्यात टाकणे म्हणजे सफाई कामगाराच्या हाताला इजा करणे. जाड डब्यात बंद करून ती दवाखान्यात परत द्यावी.

शेवटी आपल्यापैकी औषधविक्रीच्या व्यवसायात असणाऱ्या बंधूंना विनंती. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. ओळखीचे गिऱ्हाईक चिठ्ठीविना कुपी मागेल, नाराजही होईल. तरी नकार द्यावा. एका विक्रीचा नफा बुडेल. कदाचित त्याच घरातील एक जीव वाचेल.