नाताळचे कर्ज आणि जूनची पेरणी

तीन राजांचा सण आटोपून गोठा आवरला, की जोयडा तालुक्यातील पुष्कळ घरांत हिशेबाची पाळी येते. कपडे दांडेलीहून घेतलेले, मोबाइल बेळगावच्या बाजारातून हप्त्याने आणलेला. गोव्याहून किंवा आखातातून आलेल्या नातलगाने आपल्या मुलांना भारी वस्तू दिली, म्हणून परतभेटही तोलामोलाची. धर्मपिता-धर्ममाता झालेल्यांना तर हात आखडता घेणे जिवावरच येते. भाताचे पैसे पुरत नाहीत, उरलेले कर्जाऊ येतात. आमच्याही घरी एका वर्षी मुलाच्या सुटाचे हप्ते पुढच्या नाताळापर्यंत चालले. तोवर सूट त्याला आखूड झाला होता.

समजा, आपण 12,000 रुपये दरमहा शेकडा 5 रुपये व्याजाने घेतले. ऐकायला पाचच रुपये, पण वर्षाचे ते शेकडा 60 झाले. दरमहा 1,000 रुपये दिले तर पहिल्या महिन्यात 600 व्याजात जातात, मुद्दल फक्त 400 ने उतरते. वर्षभरात 12,000 रुपये देऊनही सुमारे 5,600 देणे उरते. तेच दरमहा 1,500 दिले तर अकराव्या महिन्यात कर्ज संपते. म्हणून पहिले सहा महिने जमेल तितके जास्त द्यावे, आणि प्रत्येक वेळी किती व्याज व किती मुद्दल हे वहीत लिहून घेऊन सही मागावी.

देणी अनेक असतील तर ज्याचा व्याजदर सर्वांत जास्त, ते आधी फेडावे. बाकीच्यांचा ठरलेला हप्ता मात्र चुकवू नये. घरात मोडण्याजोगा दागिना असेल, तर तो बँकेत किंवा सोसायटीत गहाण ठेवून सावकाराचे देणे मिटवणे पुष्कळदा स्वस्त पडते. पण मोकळ्या झालेल्या सावकाराकडे पुन्हा जायचे नाही, एवढे घरात ठरलेले असावे. नाहीतर दोन्ही कर्जे डोक्यावर.

गटातून मायक्रोफायनान्सचे कर्ज घेतलेल्या बहिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे असे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही, आणि घरच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर येण्याचीही मनाई आहे. दमदाटी, अपमान झाल्यास पोलिसांकडे जावे. त्यासाठी कर्नाटकात 2025 मध्ये वेगळा कायदाही झाला आहे. मात्र गटातील एकीचा हप्ता थकला, की भार शेजारणींवर येतो. वर्षानुवर्षे एकमेकींच्या अंगणात बसणाऱ्या बायका मग विहिरीवरही बोलत नाहीत. हे नुकसान कुठल्या वहीत मांडायचे?

सोसायटीच्या पीककर्जाला नाताळात हात लावू नये. 2023-24 पासून आपल्या राज्यात 5 लाखांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज बिनव्याजी मिळते, पण मुदतीत फेडले तरच. ते कपड्यांत गेले तर जूनमध्ये बियाणे, खत कशाने आणणार? घरात काटकसरही चुकीच्या जागी होते: आधी डाळ कमी, मग मुलांचे अंडे बंद, मग आजीची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड. गोळी अशी तोडल्याने रक्तदाब चढतो, आणि दवाखान्याचा खर्च हप्त्याहून मोठा होतो.

पुढच्या नाताळाची तयारी सां-जुआंवपासून करता येते. 24 जूनपासून 26 आठवडे मिळतात. आठवड्याला 300 रुपये म्हणजे 7,800. पावसात मजुरी नसते, हे आम्ही जाणतो. तेव्हा 100 टाकावेत, ऑक्टोबरनंतर वाढवावेत. पैसे घरच्या डब्यात न ठेवता पोस्टात ठेवावेत, डबा फार लवकर उघडतो. भेट म्हणून घरची कोनफळे, करांदे, मुडली, मध किंवा ताटभर नेवऱ्या दिल्याने कोणी लहान होत नाही. आमच्या कंदांसाठी लोक जोयड्याच्या मेळ्याला लांबून येतात, आणि आपण मात्र दुकानातला चकाकता डबा शोधतो.

भावंडांनी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी एकत्र बसून ठरवावे की यंदा भेट फक्त मुलांना, मोठ्यांनी एकमेकांना काही द्यायचे नाही. हे बोलायला पहिल्यांदा अवघड जाते. घरातल्या सर्वांत मोठ्याने तोंड उघडले, तर धाकट्यांना हायसे वाटते.