पूर्णामायच्या पोटातली खाण

चांदीची खाण पाहायची तर पोट्टेहो, राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला जावं लागेल. तिथं शेकडो वर्षं माणसं डोंगराच्या पोटात शिरली आणि शिसं, जस्त, चांदी काढत राहिली. आपल्याकडे जिकडे तिकडे काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात कुठली चांदी! पण खाण म्हणाल तर वऱ्हाडातही होती. ती होती मिठाची. समुद्र इथून कितीतरी लांब, तरी मिठाची.

मग मीठ आलं कुठून? त्यासाठी आधी जमीन कशी खचली ते ऐका.

चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, गाविलगडाच्या डोंगराला लागून जमिनीला एक लांबच लांब भेग आहे. तिच्या उत्तरेचा भाग वर उचलला गेला, दक्षिणेचा खाली बसला. म्हणून वर डोंगरावर वैराटला 1,100 मीटरच्या वर जो काळा पाषाण दिसतो, त्याच दगडाचे थर दर्यापूर-अकोटच्या शेतांखाली गाडलेले आहेत. त्या खचलेल्या जागेत पूर्णामाय आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या लाखो वर्षं गाळ ओतत राहिल्या. हा गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरच्याही खाली जातो. अकोला समुद्रसपाटीपासून जेमतेम 280 मीटर उंच. आता तुम्हीच वजाबाकी करा! गाळाचा तळ समुद्राच्या पातळीच्याही खाली निघतो. याच गाळात ज्वालामुखीच्या राखेचे थरही सापडले आहेत. आपला लाव्हा त्याच्या कितीतरी आधी थंड झालेला, म्हणजे ही राख वाऱ्यावर बाहेरून आलेली पाहुणी.

आता मीठ. पावसाचं पाणी खडकातून झिरपताना थोडे क्षार विरघळवून नेतं. नदीला उतार असला तर ते समुद्रात जातात. पण खोलगट जागा, चिकणमाती आणि तापलेली हवा एकत्र आली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, किटलीच्या बुडाला खार धरतो तसे. असं हजारो वर्षं चाललं. कुणी म्हणतात, जुन्या काळी समुद्राचा फाटा इथवर आला होता. मला ते पटत नाही. आपल्या उन्हाळ्यानंच हे काम केलं असावं. मे महिन्यात अकोल्यात राहिलेल्या माणसाला वेगळा पुरावा लागत नाही.

दहीहंडा गावाच्या बाजूला, पूर्णेच्या काठाकाठानं, लोक या मिठासाठी विहिरी खणत. विन नावाच्या भूवैज्ञानिक साहेबानं 1869 साली पूर्णेच्या खोऱ्यावर टिपण छापलं. त्या काळच्या या विहिरी साध्या नव्हत्या, काही तर शंभर फुटांहून खोल. वरून चिकणमाती, मधे खडे मिसळलेली माती, आणि तळाशी रेताड खडीचा थर. तो फोडला की दाबाखालचं खारं पाणी आपसूक वर चढे. ते उन्हात आटवायचं आणि मीठ गोळा करायचं. खाणीत माणसानं उतरून दगड फोडण्यापेक्षा ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते. माल स्वतःच वर येतो!

इंग्रजांच्या राज्यात हे मीठ काढणं बंद झालं, पण विहिरींतलं खारं पाणी होतंच. म्हणूनच 1930 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलल्यावर वऱ्हाडातल्या सत्याग्रहींना समुद्र शोधावा लागला नाही. ते दहीहंड्याला गेले आणि तिथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला.

आज या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलडाण्यापर्यंत तो पसरला आहे. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिकाला वरचेवर दिलं तर जमीन आणखी चोपण होते. म्हणून प्यायला दर्यापूरकडे शहानूर धरणाचं पाणी येतं, अकोटकडे वानचं. दोन्ही नद्या सातपुड्याच्या. पण एक गंमत पाहा: ज्या चिकणमातीनं मीठ धरून ठेवलं, तीच पाऊसही धरून ठेवते. शेततळं खणलं की पाणी सहसा खाली झिरपत नाही. पावसाचं गोड पाणी त्यात साठवायचं आणि हरभऱ्याला दोन पाणी द्यायचं. विहिरीचं मात्र नाही.