भट्टीच्या गावातला थंड चहा

ग्रीन टी कडू असतो, असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. माझ्या मते तो कडू केला जातो. दुधाच्या चहाला सरावलेल्या हातानं आपण पाणी खळखळ उकळतो, त्यात ती हिरवी पत्ती टाकतो, वर झाकण ठेवून विसरतो आणि मग तोंड वाकडं करून पितो. मध, लिंबू, दालचिनी हा सगळा खटाटोप तो कडूपणा झाकण्यासाठी. तीच पत्ती गार पाण्यात सहा तास राहू दिली, तर साखरेचा कणही न घालता चहा गोडसर लागतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला लागल्यापासून उन्हाळाभर आमच्या फ्रिजमध्ये या चहाची बरणी असते, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

आमचा हा औद्योगिक पट्टा कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत पसरला आहे. एका अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला चांदीची हुपरी, आणि मधे कापडाचे कारखाने, फौंड्र्या, मशीन शॉप. मी एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत साच्याची वाळू तपासतो. वाळूत ओल किती, ती दाबल्यावर किती भार सोसते, तिच्यातून वायू आरपार जातो की अडतो, हे पाहणं हे माझं काम. पलीकडच्या शेडमध्ये लोखंड चौदाशे अंशांपर्यंत तापलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा अडतीसच्या आसपास गेला की शेडमध्ये उभं राहणंही मेहनतीचं होतं. अशा उन्हाळ्यातही माणूस दिवसभर गरम चहाच घेतो. एका पाळीत चार-पाच कप सहज होतात आणि प्रत्येक कपात साखर मुक्त हस्तानं पडलेली असते. भट्टीवरच्या एका मामांना मी माझ्या थर्मासातला चहा ओतून दिला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कप नाकाशी धरला. "मोगऱ्याचा वास कुठनं येतोय रं?" म्हणाले. मग एक घोट घेतला. "साखर किती घातलीस ह्यात?" घातलीच नव्हती.

ही गोडी येते कुठून? चहाच्या पानात चवीचे तीन मुख्य कारभारी असतात. कॅटेचिन ही तुरट-कडू द्रव्यं, कॅफिन हे कडू आणि तरतरी देणारं, आणि थिअनीन हे अमिनो आम्ल, जे जिभेला मऊ, किंचित गोडसर लागतं. थिअनीन गार पाण्यातही सहज उतरतं. कॅफिन आणि कॅटेचिनांपैकी सर्वांत कडवट मंडळी मात्र उष्णता मिळेपर्यंत पानातून निघायला कुरकुरतात. म्हणजे पाण्याचं तापमान हीच इथली गाळणी. जपानी लोक हे फार आधीपासून जाणतात. गार पाण्यात उतरवलेल्या चहाला ते मिझुदाशी म्हणतात, आणि नुसत्या वितळत्या बर्फावर चहा उतरवायचीही त्यांच्याकडे रीत आहे.

आपल्याकडेही हे ज्ञान नवं नाही, फक्त ते चहाला लावलं गेलं नव्हतं. शार्ङ्गधर संहितेत औषधं करण्याच्या रीतींमध्ये काढ्याच्या शेजारीच हिम येतं: एक भाग वनस्पती कुटून सहा भाग गार पाण्यात रात्रभर ठेवायची आणि सकाळी गाळून घ्यायची. उन्हाळ्यात धने भिजवून खडीसाखर घातलेलं पाणी कित्येक घरांत अजून देतात, ते हिमच. माठात वाळ्याची जुडी सोडणारी आजी तरी वेगळं काय करत होती? वाळा उकळून प्यावा असं कधी कुणाला वाटलं नाही, कारण त्याचा वास उकळण्यात निघून जातो हे सगळ्यांना माहीत होतं.

आता पत्ती. आपल्या रोजच्या चहाची दाणेदार सीटीसी पावडर इथे उपयोगाची नाही. पानं चिरडून, फाडून, गोळी वळायची ही यंत्रपद्धत १९३०च्या दशकात आसामात आली. तो चहा दुधात झटपट रंग उतरवण्यासाठीच जणू घडला आहे. गार पाण्यासाठी अख्ख्या पानाचा ग्रीन टी हवा. पान खुडल्यावर ते हवेनं काळं पडू लागतं. ते थांबवण्यासाठी चिनी लोक ते कढईत भाजतात, जपानी वाफवतात. भाजलेल्याला चण्यासारखा खमंगपणा असतो, वाफवलेल्याला ओल्या पालेभाजीचा वास. सुगंध घालायचा असेल तर मला भाजलेला आवडतो. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचा प्रयोग करून पाहिला होता. तो रुजला असता तर आज पत्तीसाठी लांब बघावं लागलं नसतं. सध्या कांगडा, दार्जिलिंग, आसाम, निलगिरी इथला अख्ख्या पानाचा ग्रीन टी मिळतो. पिशवीतला भुगा घेऊ नका. तो गार पाण्यातही तुरट होतो आणि गाळणीतून तळाशी गाळ सोडतो.

प्रमाण साधं आहे. एक लिटर पाण्याला आठ ते दहा ग्रॅम पत्ती, म्हणजे साधारण चार-पाच छोटे चमचे. पानं मोठी आणि फुललेली असली तर चमचा फसवतो, म्हणून मी काट्यावर तोलतो. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं असावं. पुढे कुठेही उष्णता लागणार नाही, त्यामुळे पाण्यातले जंतू मारायची संधी हीच. बोअरचं पाणी टाळा. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुधा जड असतं. त्यात चहाचा पोपटी रंग मातकट होतो, चव बसकी होते आणि वर तवंग येतो. एकाच पत्तीच्या दोन बरण्या, एक बोअरच्या पाण्याची आणि एक फिल्टरच्या, शेजारी ठेवल्या तर फरक पाच फुटांवरून दिसतो.

बरणी काचेची आणि घट्ट झाकणाची हवी. लोणच्याची जुनी बरणी कितीही घासली तरी चालत नाही. कोरडी चहापत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते, आणि कोल्हापुरी फ्रिजमध्ये ठेचा, लसूण, तांबड्या रश्श्याचं उरलेलं वाटण हे सगळं असतंच. चिनी लोक पत्तीच्या याच गुणाचा उपयोग करून घेतात: कोरड्या चहाच्या थरांत मोगऱ्याच्या कळ्या रात्रभर ठेवायच्या, सकाळी वेचून काढायच्या, पुन्हा ताज्या कळ्या घालायच्या. त्यांचा प्रसिद्ध जस्मिन चहा ज्या फुलाचा, ते फूल म्हणजे आपला मोगराच.

रात्री जेवणं आटोपली की बरणी भरायची. पत्ती आधी, मग पाणी, धार कडेनं. पहिली काही मिनिटं पानं वर तरंगतात, कोरडी, चुरमडलेली. मग एकेक पान ओलं होऊन जड होतं आणि तिरकं खाली जातं. बरणी दिव्यासमोर धरली तर प्रत्येक पानाच्या देठाकडून पिवळट रेषा निघून तळाकडे सरकताना दिसते. पानातला अर्क पाण्याहून जड, म्हणून तो खाली जमतो. तासाभरानं तळ पोपटी आणि वरचं पाणी पांढरं. अशा वेळी ढवळायचा मोह होतो, पण ढवळू नये. झाकण लावून बरणी एकदा अलगद उलटी-सुलटी केली की पुरे. सकाळपर्यंत पानं पूर्ण उलगडलेली असतात. टोकाची कळी, दोन पानं, कडेचे दाते, सगळं मोजता येईल इतकं स्पष्ट. सहा तासांत चहा तयार होतो, आठ तासांपर्यंत चालतो, त्यापुढे तुरटपणा चढू लागतो.

खरं कौशल्य सुगंधात आहे, आणि तिथेच लोक हात सैल सोडतात. गार पाण्यात कडूपणा नसल्यामुळे झाकायला काही उरत नाही. सुगंध इथे सोबतीला असतो, त्यामुळे तो मागे राहिला पाहिजे. दुसरं म्हणजे प्रत्येक जिन्नसाची वेळ निराळी.

गवती चहा सुरुवातीपासून टाकायचा. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या तेलात असतो, आणि तेल गार पाण्यात हळूच येतं. लिटरला वीतभर लांबीची दोन पाती, कात्रीनं बोटभर तुकडे करून. पाती चेचली तर वास लवकर येतो, पण त्याबरोबर कच्च्या गवताची चवही येते. वेलची एकच, फक्त तोंड उघडून. कुटली तर चहाचा मसाला दूध होतो. तुळशीची चार पानं रात्रभर टिकतात. तिच्यातला लवंगेसारखा वास दणकट आहे. पुदिना मात्र रात्रभर ठेवायचा नाही. पानं काळी पडतात आणि चव शिळी लागते. सकाळी पत्ती गाळून झाल्यावर पाच-सहा पानं हातावर एकदा टाळी मारून टाकायची आणि तासाभरात काढायची. लिंबाची नुसती पिवळी साल, पांढरा भाग अजिबात नको. रस पिळायचा असेल तर कपात. वाळ्याची लहानशी जुडी दोनदा धुऊन टाकली की चहाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. वाळ्याबरोबर दुसरं काही घालू नये, हे माझं ठाम मत. आलं मी या चहात घालत नाही. त्याचा झणका पानाची गोडी मारून टाकतो.

आणि मोगरा. बाजारातली, हारवाल्याकडची फुलं चालणार नाहीत; त्यांच्यावर काय फवारलं आहे ते कळत नाही. घरच्या कुंडीतल्या, औषध न मारलेल्या, संध्याकाळी टपोरलेल्या पण न उमललेल्या कळ्या घ्यायच्या. मोगरा रात्री उमलतो आणि उमलतानाच सगळ्यात जास्त वास सोडतो, म्हणून सकाळचं उमललेलं फूल या कामाला उशिराचं. लिटरला चार-पाच कळ्या बास. त्या पाण्यावर तरंगतात. फ्रिजच्या गारव्यात त्या पुरत्या उमलत नाहीत, म्हणून आमच्या घरी त्या आधी दोन तास बाहेर, कोरड्या पत्तीच्या डब्यात झाकून ठेवतात. उमलायला लागल्या की पत्तीनं पहिला वास ओढून घेतलेला असतो. मग दोन्ही एकत्र पाण्यात.

सकाळी गाळताना पत्ती पिळायची नाही. ती फेकायचीही नाही. त्याच पानांवर ऐंशी अंशांचं, म्हणजे उकळून चार-पाच मिनिटं थांबलेलं पाणी ओता आणि दोन मिनिटांनी चाखा. लालसर पिवळा, तुरट, कडवट कप मिळेल. रात्रभर पाण्यात राहूनही हा कडूपणा पानातच उरला होता. गार पाण्यानं त्याला फारसा हात लावला नव्हता. कुणाला ही पद्धत पटत नसेल तर मी वाद घालत नाही, हे दोन कप शेजारी ठेवतो.

काही गोष्टी मात्र जपायला हव्यात. बरणी पूर्ण वेळ फ्रिजमध्येच हवी. ओट्यावर रात्रभर ठेवलेला चहा हे जंतूंचं आमंत्रण आहे. गाळलेला चहा चोवीस तासांत संपवायचा. गढूळ झाला, आंबूस वास आला की ओतून द्यायचा. कामावर नेताना स्टीलचा थर्मास आधी बर्फाच्या पाण्यानं गार करून घ्यावा आणि चहा त्याच पाळीत संपवावा. कॅफिन कमी असलं तरी असतंच, त्यामुळे तिसऱ्या पाळीला तो उपयोगी आहे आणि दिवसा झोपायच्या आधी नाही. रक्त कमी असलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, जेवणाबरोबर कुठलाच चहा घेऊ नये. त्यानं अन्नातलं लोह पुरतं अंगी लागत नाही. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवावं. आणि भट्टीवर काम करणाऱ्यांना हे मी दर उन्हाळ्यात सांगतो: घामातून मीठ जातं, ते या चहानं भरून निघत नाही. त्यासाठी मीठ-साखर-लिंबाचं सरबतच हवं, पाणी वेगळं हवं. हा चहा साखरेच्या चौथ्या-पाचव्या कपाच्या जागी घ्यायचा आहे, पाण्याच्या जागी नाही.

खर्चाचं म्हणाल, तर चांगली पत्ती महाग वाटते. पण दहा ग्रॅममध्ये लिटरभर चहा आणि वर सकाळचा एक गरम कप निघतो. गॅस, दूध, साखर काही लागत नाही. गवती चहा परसात फुकट वाढतो, तुळस दारात असतेच. मोगऱ्याचा भर मात्र उन्हाळ्यापुरता. जूनचा पाऊस लागला की कळ्या ओल्या होऊन वास उतरतो. ज्यांच्या दारात वेल आहे त्यांनी मे महिना हातात आहे तोवर करून बघावं, आणि पहिल्या खेपेला कळ्या मनात येतील त्याच्या निम्म्याच घालाव्यात.