आधी कंपू, मग ओळख

मुलग्यांची मैत्री मुलग्यांशी, मुलींची मुलींशी. किशोरवयाच्या उंबरठ्यावर बहुतेकांचं असंच असतं. ही विभागणी पुढे कशी सैल होते, हे पहिल्यांदा बारकाईनं टिपलं गेलं ते ऑस्ट्रेलियात. सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवू न देणारा कायदा १० डिसेंबर २०२५ला लागू झाला, तो याच देशात. त्या निमित्तानं फोनबद्दल भरपूर बोललं गेलं. मुलं एकमेकांना भेटतात कुठं, हा प्रश्न मागेच राहिला.

समाजशास्त्रज्ञ डेक्स्टर डन्फी यांनी १९५८ ते १९६० या काळात सिडनीतल्या मुलांचा माग काढला, तो रस्त्याच्या कोपऱ्यांवर, समुद्रकिनारी, घरगुती पार्ट्यांत. मुलांकडून डायऱ्याही लिहून घेतल्या. १९६३च्या त्यांच्या निबंधात दोन प्रकारचे गट दिसतात: तीन ते नऊ जणांचा घट्ट कंपू आणि असे काही कंपू मिळून होणारा घोळका. घोळका जमायचा शनिवार-रविवारी. मग आठवडाभर कंपूत त्याच पार्टीची चर्चा.

सुरुवातीला मुलामुलींचे कंपू वेगळे. मग ते एकमेकांच्या आसपास रेंगाळतात. चिडवाचिडवी होते, पण आपापल्या गोटात उभं राहूनच. पुढे दोन्हीकडचे म्होरके आधी मिसळतात, त्यांच्यामागून बाकीचे. शेवटी जोड्या जमतात आणि घोळका विरतो. हा प्रवास जोडीपाशीच संपवणं ही त्या काळाची मर्यादा. निव्वळ मित्र राहिलेले मुलगा-मुलगी किंवा समलिंगी आकर्षण असलेली मुलं त्यात बसत नाहीत.

मुलग्यांच्या आपसातल्या मैत्रीची कथा जास्त चटका लावणारी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ निओबी वे यांच्या २०११च्या पुस्तकात चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे जिवलग मित्राबद्दल मोकळेपणानं बोलतात. सोळा-सतरापर्यंत, ‘बायकी’ म्हणून हिणवलं जाईल या धास्तीनं, तेच मुलगे मिटून जातात. मुलींमध्ये वेगळीच अडचण: एकच दुःख मैत्रिणीपाशी पुन्हा पुन्हा उगाळण्याच्या सवयीसोबत जवळीकही जास्त दिसते आणि उदासीही, असं मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी २००२ला दाखवलं.

आपल्याकडे बऱ्याच शाळांत मुलामुलींचे बाक अजून वेगळे असतात. दोघं बोलताना दिसली, की वर्गात चिडवाचिडवी आणि घरी निरोप. यानं आकर्षण थांबत नाही. चारचौघांतला टप्पा तेवढा गळतो आणि ओळख थेट खासगी चॅटमध्ये सुरू होते, जिथं सावरायला कंपू नसतो. ढोलपथकाचा सराव, स्नेहसंमेलनातलं नाटक, विज्ञान प्रदर्शनाची तयारी इथं तो टप्पा अजून मिळतो: काम सगळ्यांचं, दहा-बारा जण हजर, आणि कुणालाच एकट्यानं पुढे व्हावं लागत नाही.